धान्यकोठीपासून सिद्धगडापर्यंत : हुतात्मा भाई कोतवाल

श्रावण वद्य द्वादशीस श्रीसंत सेना महाराजांची पुण्यतिथी आपण सर्व समाजबांधव भक्तिभावाने साजरी करतो. समाजाच्या स्मरणिकेत आपल्या पूर्वसूरींचे चरित्र द्यावे, ते घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे, हा प्रघातही तसाच जुना आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली शिवछत्रपतींवरील वार परतविणारे जिवा महाला आणि १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांचा वेष धारण करून मृत्यूस सामोरे गेलेले शिवा काशीद ही नावे आपल्या मुलांस पाळण्यातच ऐकावयास मिळतात. शिवनेरीच्या छायेत राहणाऱ्या आम्हां जुन्नरकरांस तर ती विशेष जिव्हाळ्याची. ह्या वर्षी मात्र आम्ही त्या काळाहून पुष्कळ अलीकडच्या, परंतु त्याच परंपरेतील एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते म्हणजे हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, अर्थात् भाई कोतवाल.

आमचे बोरी बुद्रुक कुकडीच्या काठी. येथून भाईंचे बलिदानस्थान सिद्धगड दूर वाटतो, कारण तो घाटाखाली, ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात आहे. परंतु नकाशा उघडून पाहिला म्हणजे हे अंतर फार राहत नाही. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे हे गाव आहे. त्याच्या परिसरात घोड नदी उगम पावते, आणि आमची कुकडी पुढे जाऊन त्याच घोडीस मिळते. आहुप्याच्या दक्षिणेस, भीमाशंकराच्या डोंगररांगेस बिलगून सिद्धगड उभा आहे. ज्या डोंगरमाथ्याचे पाणी आपल्या बाजूस उतरते, त्याच्याच पलीकडील उतारावर २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे आपल्या समाजाच्या ह्या तरुणाचे रक्त सांडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षे आणि एक महिना होते.

वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेला आणि गावाने मानाच्या जागी बसविलेला एक तरुण हातात करवत व बंदूक घेऊन रानात का गेला? आणि तो गेला तेव्हा कर्जत-मुरबाडच्या गरीब शेतकऱ्यांनी आपले घरदार धोक्यात घालून त्यास का सांभाळले? हे दोन प्रश्न मनात ठेवूनच हे चरित्र वाचावे, अशी आमची विनंती आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांस ठाऊक असते. दुसऱ्याचे उत्तर फारसे कोणी शोधीत नाही, आणि आमच्या मते चरित्राचे खरे सार त्या दुसऱ्या उत्तरातच आहे.

भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान हे १८५० नंतर इंग्रजांनी वसविलेले थंड हवेचे ठिकाण. १९०७ साली नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी सुरू झाली आणि मुंबईचे साहेब व धनिक पाहुणे तेथे हवा खाण्यास येऊ लागले. एका बाजूस बंगले, बागा आणि घोड्यांवरून होणारी रपेट, आणि दुसऱ्या बाजूस त्या पाहुण्यांची ओझी वाहणारे, घोडे धरणारे, पाणी भरणारे व हजामत करणारे स्थानिक लोक, असे त्या डोंगरावरील जीवन होते. ज्याच्या घरची धोकटी परक्याच्या ओसरीवर उघडते, त्याच्या मुलास मानापमानाचे पहिले धडे शाळेत जाण्यापूर्वीच मिळतात. ते कसे असतात, हे आपल्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

भाईंनी प्राथमिक शिक्षण माथेरानास घेतले व पुढील शिक्षणासाठी पुण्यास आपल्या आत्याच्या आश्रयास ते गेले. नातेवाइकांच्या घरी राहून, पडेल ते काम करून शिकणारी मुले आपल्या समाजात पिढ्यान्पिढ्या झाली आहेत, आणि भाई त्यांपैकीच एक. ते मॅट्रिक झाले, वाडिया महाविद्यालयात शिकले, आणि पुढे कायद्याची परीक्षाही उत्तीर्ण झाले. त्या काळी आपल्या समाजातील मुलाने वकील होणे ही किती दुर्मिळ गोष्ट होती! सनद घेऊन एखाद्या शहरात ते बसते, तर त्यांचा संसार सुखाचा झाला असता आणि समाजानेही त्यांचा सत्कारच केला असता. परंतु शिक्षणाने त्यांस गावापासून दूर नेण्याऐवजी गावाकडे परत आणले.

माथेरानच्या डोंगरावरून खाली पाहिले म्हणजे कर्जत तालुक्याची भातखाचरे दिसतात. आज हा तालुका रायगड जिल्ह्यात आहे. ती खाचरे कसणारे बहुसंख्य लोक कुळे होती, आणि शेजारच्या डोंगरांत ठाकूर व कातकरी बांधव राहत. भात कापून झोडणी झाली की खळ्यावरच सावकाराचे माप लागे. पावसाळा आला की घरात दाणा नसे. मग त्याच सावकाराच्या दारी खावटीसाठी जावे आणि पुढील सुगीला घेतलेले धान्य दिढी-दुपटीने फेडावे, हे रहाटगाडगे वर्षानुवर्षे चाले. ज्याने पिकविले तोच आषाढात उपाशी राहतो, ही गोष्ट भाईंस सहन झाली नाही. त्यांनी कोर्टातील दाव्यांपेक्षा ह्या खळ्यावरील प्रश्नास हात घातला, आणि गावोगाव धान्यकोठ्या उभारण्याचा उद्योग आरंभिला.

धान्यकोठीचा व्यवहार दिसावयास अगदी साधा असतो. सुगीत प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे कोठीत धान्य टाकावे, पावसाळ्यात ज्यास गरज लागेल त्याने तेथून न्यावे, आणि पुढील सुगीत अल्पशी वाढ घालून परत करावे. सावकाराची कणगी आणि ही कोठी ह्या दोहोंत दाणा तोच. भेद एवढाच की कोठीचे माप ज्याच्या हाती असते त्यावर सर्वांचा विश्वास असावा लागतो. गरिबाने पोटाला चिमटा घेऊन टाकलेली पायली चार महिन्यांनी त्यास पूर्ण मिळेल, मापात खोट येणार नाही, आप्ताला एक आणि परक्याला दुसरे असे होणार नाही, अशी खात्री असल्यावाचून कोठीत एक दाणाही पडत नाही. भाईंनी जे मिळविले ते हेच. आपण मूळचे बलुतेदार. सुगीला खळ्यावर उभे राहून शेतकऱ्याच्या हातून धान्य घेणे आणि वर्षभर त्याच्या घरची सेवा इमानाने करणे, हा आपल्या पूर्वजांचा करार होता. त्याचा कागद कोणी केला नव्हता. दिलेल्या शब्दावर चालणारा व्यवहार हा आपल्या समाजाच्या रक्तातील गुण आहे, आणि भाईंच्या धान्यकोठीत आम्हांस त्याच गुणाचा विस्तार दिसतो.

ह्याच्या जोडीने त्यांनी शेतकऱ्यांच्या व आदिवासींच्या मुलांसाठी शाळा काढल्या. सरकारी मदतीची वाट न पाहता, गावातील शिकलेल्या तरुणांस हाताशी धरून त्या चालविल्या. ह्या शाळांतील शिक्षक हे पुढे त्यांच्या कार्याचा कणा ठरले. माथेरानच्या नागरिकांनी त्यांस नगरपालिकेवर निवडून दिले आणि ते तिचे उपाध्यक्ष झाले. ज्या गावात त्यांच्या वाडवडिलांनी पाहुण्यांच्या दाढ्या केल्या, त्याच गावाच्या कारभारात त्यांस मानाचे आसन मिळाले. हे सर्व घडत होते तेव्हा जगात दुसरे महायुद्ध पेटलेले होते.

हे युद्ध हिंदुस्थानावर कसे लादले गेले, ते आजच्या तरुण वाचकांस थोडे सांगावयास हवे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले. कोट्यवधी लोकांच्या देशास युद्धात ढकलताना मध्यवर्ती कायदेमंडळास वा लोकनियुक्त प्रांतिक मंत्रिमंडळांस त्यांनी विचारले नाही. ह्याचा निषेध म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ १९३९ च्या नोव्हेंबरात पायउतार झाले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला, आणि पाठोपाठ देशभर हजारो सत्याग्रही तुरुंगात गेले. युद्धास साह्य करू नये एवढे चारचौघांत बोलणे हाही त्या वेळी भारत संरक्षण नियमांखाली गुन्हा होता.

परंतु खेडोपाडी युद्ध पोहोचले ते भाषणांतून नव्हे. ते लोकांच्या मुठीतील रुपयातून पोहोचले. १९४० साली फ्रान्स पडल्याची बातमी आली आणि लोकांनी पोस्टातील ठेवी काढण्यास व नोटा देऊन चांदीचे रुपये मिळविण्यास गर्दी केली. सरकारने गरजेपेक्षा अधिक नाणी जवळ बाळगणे हा अपराध ठरविला, एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि नव्या रुपयातील चांदी अकरा-बारांशावरून निम्म्यावर आणली. खेडूताने ह्याचा अर्थ आपल्या परीने लावला. त्याने जुना कलदार रुपया चुलीखाली पुरला आणि नवा बाजारात चालविला. पुढे चिल्लर मिळेनाशी झाली, रॉकेल महागले, कापड दिसेनासे झाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती गेले. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद होताच मुंबई व कोकणपट्टीस त्याची झळ बसली. सरकारी पत्रके सर्व ठीक असल्याचे सांगत होती, आणि ती जितकी अधिक निघत तितका त्यांवरील विश्वास कमी होई. केशकर्तनालयात बसून एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे आणि इतरांनी त्यातील न छापलेले ओळखावे, असा तो काळ होता.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो, कारण एकांगी चरित्र हे चरित्र नव्हे. हिटलर आणि जपानी युद्धखोर यांचा पाडाव व्हावा, असे वाटणारे लोकही ह्या देशात होते, आणि त्यांत प्रामाणिक देशभक्त होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते स्वीकारले. सोव्हिएत रशियावर १९४१ साली आक्रमण झाल्यानंतर कम्युनिस्टांनी ह्या युद्धास लोकयुद्ध मानले. युद्ध संपेतो हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. त्या सैन्यात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांचे पुत्र मोठ्या संख्येने होते आणि ते शौर्याने लढले. त्यांचा अवमान आमच्या मनात स्वप्नातही येणार नाही. युद्धास विरोध करणाऱ्यांनाही हुकूमशहांचा जय नको होता. त्यांचा आक्षेप होता तो सरकारवर. जे राज्य आपल्याच प्रजेस स्वातंत्र्य देत नाही, त्याने स्वातंत्र्याच्या नावाने तिचे पुत्र, पैसा आणि धान्य मागावे, हे त्यांस मान्य नव्हते. १९४२ च्या मार्चमध्ये आलेल्या क्रिप्स शिष्टमंडळाची बोलणी फिसकटली आणि उरलीसुरली आशाही मावळली.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस गवालिया टँक मैदानावर चले जावचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच धरपकड सुरू झाली. महात्माजींस पुण्याच्या आगाखान महालात व काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांस अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पुढारी नाहीसे झाले आणि लोकांनी चळवळ आपल्या हाती घेतली. वडूज, चिमूर, महाड, नंदुरबार येथे गोळ्या झाडल्या गेल्या व माणसे पडली. साताऱ्याकडे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली पुढे प्रतिसरकार उभे राहिले. आमच्या जुन्नरात १९०४ साली जन्मलेले एस. एम. जोशी ह्याच काळात वेषांतर करून भूमिगत राहिले होते. आंबेगाव तालुक्याने तर १९३० सालीच महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंस विदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे मुंबईत प्राण देताना पाहिले होते. सरकारच्या शब्दावरील विश्वास उडणे म्हणजे काय, हे आमच्या डोंगराळ मुलखास नव्याने शिकावयाचे नव्हते.

भाई कोतवाल भूमिगत झाले. त्यांनी कर्जत तालुक्यातील शेतकरी, आपल्या शाळांतील शिक्षक आणि इतर तरुण मिळून सुमारे पन्नास जणांचे दल उभारले. तेच आझाद दस्ता. एक कार्य त्यांनी विचारपूर्वक निवडले. खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईस वीज जाई. खोपोलीचे केंद्र १९१५ पासून, भिवपुरीचे १९२२ पासून आणि भिऱ्याचे १९२७ पासून चालू होते. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या, कारखाने व रेल्वे चालत, आणि त्यांतील बराचसा माल व वाहतूक आता युद्धाच्या कामी लागलेली होती. ती वीज वाहून नेणाऱ्या तारांचे पोलादी मनोरे ह्याच भातखाचरांतून आणि डोंगरांतून गेलेले होते. ज्या शेतकऱ्याच्या झोपडीत रॉकेलचा दिवाही मिणमिणत नव्हता, त्याच्या शेतातून मुंबईच्या दिव्यांची वीज जात होती!

सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ ह्या तीन महिन्यांत ह्या दस्त्याने असे ११ मनोरे पाडले. साधने पाहिली तर पोलाद कापण्याच्या करवती. रात्री चिखल तुडवीत मनोऱ्याशी जावे, पहारे चुकवावेत, आळीपाळीने पाय कापावेत आणि उजाडण्याच्या आत रानात दिसेनासे व्हावे. अतिउच्च दाबाच्या तारांखाली केलेले हे काम म्हणजे प्रत्येक वेळी मृत्यूच्या दारी जाऊन परत येणेच होते. मनोरा पडला की मुंबईकडील कारखान्यांत व रेल्वेत खंड पडे, आणि ज्या सरकारने सर्व काही आटोक्यात असल्याचे जाहीर केले होते त्याचे पत्रक त्या अंधारात खोटे ठरे. ह्या कृत्यांचे लक्ष्य माणूस नसून यंत्र होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तथापि गांधीजींच्या अहिंसेच्या काटेकोर मापाने ती मोजली असता कोठे बसतात, ह्याविषयी तेव्हाही मतभेद होते व पुढेही राहिले. आम्ही त्यावर निर्णय देऊ इच्छीत नाही. एवढेच म्हणतो की, लोकांस बोलण्याचे सर्व मार्ग ज्यांनी बंद केले, त्यांनी लोक करवत का उचलतात असे विचारण्याचा अधिकार गमावला होता.

सरकारने दस्त्याच्या मागे पोलिसांची मोठी शक्ती लावली. गावांची झडती, शेतकऱ्यांस मारझोड, बक्षिसांचे आमिष असे सर्व उपाय झाले. आता आपण मघाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. तीन-चार महिने ही माणसे ह्याच मुलखात वावरत होती. त्यांस भाकरी कोणी दिली? वाटा कोणी दाखविल्या? पोलीस आल्याची वर्दी कोणी पोहोचविली? ज्यांच्या घरी उद्याचा दाणा नव्हता, अशा लोकांनीच. बक्षिसाची रक्कम त्यांच्या वर्षाच्या कमाईहून कितीतरी मोठी होती. परंतु ती देणाऱ्या सरकारने त्यांच्या हाती निम्म्या चांदीचा रुपया दिला होता, आणि ज्यास धरून द्यावयाचे त्या भाईंनी आषाढात त्यांची पायली पुरी मापून दिली होती. कोणाचा शब्द खरा, हे त्यांस कोणी पटवून द्यावे लागले नाही. आझाद दस्त्याचे खरे शस्त्रागार त्या धान्यकोठीत होते, असे आम्ही म्हणतो ते ह्याच अर्थाने.

वर्षअखेरीस दस्त्याने मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानाचा आश्रय घेतला. दाट झाडी, ओढ्याचे पाणी आणि पाठीशी सह्याद्रीचा कडा अशी ती जागा. परंतु ती बातमी अखेर पोलिसांपर्यंत पोहोचली. शेकडो जिभा गप्प राहिल्या तरी एक सैल सुटली की पुरे होते, हा अनुभव इतिहासास नवा नाही. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे, थंडीने गारठलेल्या त्या रानात, पोलीस अधिकारी हॉल याच्या हाताखालील सशस्त्र तुकडीने तळ वेढला आणि गोळीबार सुरू केला. मानिवलीचे हिराजी पाटील पडले. भाई कोतवालही गोळीने जखमी झाले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. माथेरानच्या नाभिकाचा मुलगा आणि मानिवलीच्या शेतकऱ्याचा मुलगा एकाच झाडीखाली, एकाच प्रभाती देशास अर्पण झाले. मागे राहिलेल्या कुटुंबियांवर केवढा आघात झाला असेल, त्याचे वर्णन करण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

त्यानंतर साडेचार वर्षांनी देश स्वतंत्र झाला. सिद्धगडाच्या पायथ्याशी हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले आणि तेथे दरवर्षी २ जानेवारीस बलिदान दिन पाळला जातो. मुंबईस दादरला प्लाझा चित्रपटगृहाजवळच्या उद्यानास वीर कोतवाल यांचे नाव दिलेले आहे. आपले अनेक बांधव व्यवसायानिमित्त मुंबईत असतात आणि त्या उद्यानापाशी बसची वाट पाहत उभे राहतात. त्यांपैकी कितीजणांस ते नाव कोणाचे हे ठाऊक असेल? २०२० साली भाईंच्या जीवनावर मराठी चित्रपटही निघाला. ही सर्व स्मारके योग्यच आहेत. परंतु स्मारक डोळ्यांपुढे असूनही माणूस विस्मरणात जाऊ शकतो.

आमची भीती एवढीच की, भाई कोतवालांची तसबीर आपण भिंतीवर लावू आणि त्यांच्या चरित्रातील सोयीचा तेवढा भाग घेऊ. कोणास केवळ बंदूक आवडेल. कोणास केवळ जात आवडेल. परंतु त्यांच्या दस्त्यात बहुतेक माणसे इतर समाजांची होती, आणि त्यांच्या शाळांत व कोठ्यांत कोणाची जात विचारली जात नव्हती. ते आपल्या समाजाचे भूषण आहेत, ते ह्यामुळे की ते केवळ आपल्या समाजाचे राहिले नाहीत. तसेच सरकारवर अविश्वास दाखविणे हे फार अवघड काम नाही. तो प्रत्येक काळी, प्रत्येक चावडीवर व प्रत्येक केशकर्तनालयात फुकट मिळतो. अविश्वासाच्या जागी विश्वासाचे काही उभे करणे हे मात्र कठीण, आणि भाईंनी आधी ते केले. मनोऱ्यांवर करवत चालविली ती मागाहून. ज्याने कोठी उभारली नाही त्याच्या हाकेस मनोरा पाडण्यासाठी पन्नास माणसे धावली नसती, आणि त्यांस लपविण्यासाठी शेकडो घरांची दारे उघडली नसती.

म्हणून ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही समाजबांधवांपुढे दोन लहान सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली ही की, येत्या २ जानेवारीस जुन्नर-आंबेगावकडील तरुणांनी सिद्धगडावर जावे. माळशेज उतरून मुरबाडमार्गे जावे, आणि जाताना घरातून एकेक पायली धान्य घेऊन जावे. ते तेथील गरजू घरांत पोहोचले तर त्याहून उचित पुष्पचक्र नाही. दुसरी सूचना थोडी कटू आहे, परंतु घरातील माणसांपुढेच ती बोलावयाची. आपल्या शिष्यवृत्ती निधीत जे कुटुंब दुकानाच्या कमाईतून पन्नास-शंभर रुपये टाकते, त्याची ती पायलीच आहे. तिचा हिशेब दरवर्षी वार्षिक सभेत, सर्वांसमक्ष, शेवटच्या रुपयापर्यंत वाचला जावा, आणि ज्या मुलास मदत दिली ते मूल कोणाचे आप्त आहे हे न पाहता ती दिली जावी. आम्ही स्वतः काही वर्षे हा हिशेब ठेवण्याचे काम केले आहे. एखाद्या वर्षी कार्यक्रमाच्या गडबडीत वाचन राहून गेले आणि कोणीही विचारले नाही, ह्याची खंत आजही वाटते. कोणी विचारले नाही ही विश्वासाची खूण होती की उदासीनतेची, हे आम्हांस त्या दिवशी सांगता आले नाही. भाईंच्या कोठीत असा प्रश्न पडला नसता, कारण तेथे माप सर्वांच्या डोळ्यांदेखत होई.

तीस वर्षांचे ते आयुष्य. त्यातील अखेरचे चार-पाच महिने रानात गेले आणि इतिहासाने प्रामुख्याने तेच टिपले. परंतु त्यापूर्वीची वर्षे धान्य मापण्यात, मुलांस अक्षरे गिरवावयास लावण्यात आणि गरिबांच्या दारी जाऊन बसण्यात गेली, आणि त्याच वर्षांनी पुढल्या महिन्यांस बळ दिले. आहुप्याच्या माथ्यावर पाऊस पडतो, त्याचे पाणी घोडीच्या वाटेने आमच्या मुलखात येते, आणि तिला पुढे आमची कुकडी मिळते. त्या माथ्यापलीकडे निजलेल्या ह्या आपल्या भावाचे ऋण आमच्या माथ्यावर आहे, ह्याची जाणीव ते पाणी आम्हांस दरवर्षी करून देवो.

हुतात्मा भाई कोतवाल आणि हुतात्मा हिराजी पाटील यांस आमचे त्रिवार वंदन.